चार तासांचा दोर

लोरेनच्या गळ्यात घड्याळ असे. मनगटावर नव्हे, गळ्यात. प्रवासात उशाशी ठेवतात तसलं गजराचं छोटं घड्याळ, टोमॅटोएवढं, पाठीमागे चाव्या असलेलं. त्याच्या वरच्या कडीत लाल नाडी ओवून तिनं ते अडकवलेलं असायचं. ती जिना उतरू लागली की आधी टिकटिक खाली यायची आणि मागून ती. आम्ही गच्चीवर दोरीच्या उड्या मारत असू, नाहीतर आमच्या घरी कॅसेट ऐकत असू. मधेच ते घड्याळ कोंबड्यासारखं ओरडे आणि लोरेन जशी असेल तशी पळत सुटे. उडी अर्धी राहिली तर अर्धी. गाण्याची ओळ अर्धी राहिली तर तीही अर्धी.

माझ्या आईनं तिच्यावर ओवी रचली होती:

गळ्यात गं घड्याळ, पोर उडते पाखरू,
चार तास सरले की, परत गोठ्यात वासरू.

चार तास, कारण मूग.

ही गोष्ट १९७८ सालची, बहरीनमधली. मनामात आम्ही हमीदाबाईंच्या घरात भाड्यानं राहत होतो. तळमजल्यावर हमीदाबाई, त्यांचे मुलगे, सुना आणि नातवंडांचा घोळका. मधल्या मजल्यावर लम कुटुंब. वर आम्ही तिघं: जहाजदुरुस्तीच्या गोदीत नकाशे काढणारे माझे बाबा, आई आणि मी. आईचं नाव मथुरा, माझं शुभदा. मी तेव्हा पंधरा वर्षांची, लोरेन सोळा पुरी केलेली.

आमचं गाव गुहागरकडचं पालशेत, एवढं म्हटलं की आमची ओळख संपायची. लोरेनची लवकर संपत नसे. तोंडवळा चिनी, जन्म कॅलिफोर्नियातला, पासपोर्ट अमेरिकेचा, आणि भांडायला लागली की तोंडात हमीदाबाईंच्या नातवांची अरबी. तिचे वडील एका अमेरिकन कंपनीचे आचारी म्हणून बहरीनला आले. कंपनीचं काम संपलं, कंपनी गेली, हे राहिले. बाजारामागच्या गल्लीत त्यांनी बारा टेबलांचं चिनी हॉटेल काढलं. ते चुलीशी, लोरेनची आई गल्ल्यावर, आणि लोरेनच्या आईची आई, जिला लोरेन पो-पो म्हणे, ती मुगाशी.

लमांच्या घरात न्हाणीला लागून एक खोली होती, बिनखिडकीची. तिथे चार मोठी मातीची मडकी, प्रत्येकाच्या बुडाला भोकं. त्यात भिजवलेले मूग, वर ओलं फडकं, फडक्यावर लाकडी झाकण, झाकणावर धोंडा. दर चार तासांनी पाणी घालायचं आणि ते बुडातून पूर्ण गळू द्यायचं. काळोख मोडायचा नाही, पाणी घातलं की धोंडा लगेच परत ठेवायचा. पाचव्या दिवशी झाकण काढलं की आतून बोटभर लांब, जाड, मोगऱ्याच्या कळीसारखे पांढरेशुभ्र मोड वर आलेले असत. हॉटेलातली निम्मी ताटं त्या मोडांवर चालायची. विकत मिळत नसत ते कुठे, निदान पो-पोला पसंत पडतील असे.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या आधी पो-पो पाण्याची बादली घेऊन घसरली आणि तिचं मनगट मोडलं. हाड बसलं, पण जरा वाकडंच बसलं. त्या दिवसापासून घड्याळ लोरेनच्या गळ्यात आलं. तिला कुणी घाल म्हटलं नव्हतं. तिनं घातलं, आणि मग ते कुणी काढ म्हटलं नाही. शाळेच्या दिवशी सकाळी दहाचं पाणी तिची आई घाली, रात्रीचं वडील हॉटेल बंद करून आले की घालत. बाकी सगळं लोरेनचं. चार तासांत जाऊन परत येता येईल एवढंच तिचं बहरीन.

आईची आणि पो-पोची मैत्री मुगावरूनच झाली. आई पहिल्यांदा त्या खोलीत डोकावली तेव्हा तिला वाटलं, उसळीचे मूग कुणीतरी विसरून गेलंय. आमच्याकडे मोड नखाएवढा आला की मूग कढईत. त्याहून लांबला की घरच्या बाईचं लक्ष नाही. पो-पोला वाटे, आम्ही बिचारे भुकेले लोक, मोड वाढेपर्यंत धीर नसतो. दोघी एकमेकींची कीव करत एकमेकींना वाट्या पाठवत. बोलणं म्हणाल तर दोघींत मिळून चार शब्द होते, आणि चारही हमीदाबाईंचे: खलास, मफी, यल्ला, इंशाल्ला. संपलं, नाही, चला, देवाची इच्छा. एवढ्यावर त्या दुपारभर गच्चीवर बसून बोलायच्या. मला तर वाटे, आई माझ्याशी याहून जास्त शब्द वापरते आणि आमचं जमतं त्याहून कमी.

ऑक्टोबर संपता संपता लोरेन एकदा वर आली ती घड्याळ मुठीत दाबून. ईदच्या सुट्टीत तिच्या शाळेतर्फे झल्लाकच्या किनाऱ्यावर तीन दिवसांचा तंबू पडणार होता. बुडणाऱ्याला कसं वाचवायचं ते शिकवणार, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी परीक्षा. पास होईल त्याला सर्टिफिकेट, आणि मग उन्हाळ्यात क्लबच्या तलावावर त्या उंच पांढऱ्या खुर्चीत बसायचं काम. शिकवणारा गोरा माणूस डिसेंबरात बहरीन सोडून जाणार होता. पुढच्या वर्षी कोण येईल, येईल की नाही, कुणालाच माहीत नव्हतं.

लोरेन माशासारखी पोहायची. चार तासांत समुद्रावर जाऊन, पोहून, केस ओले असताना परत येणं तिनं अगदी मिनिटांत बसवलं होतं.

मी तिला म्हटलं, खुर्चीत बसून दुसऱ्यांवर डोळा ठेवायचा म्हणजे परत राखणच की.

"हो," ती म्हणाली. "पण ती मी निवडलेली."

मग घरी विचार, मी म्हटलं. यावर तिनं मला समजावलं ते असं: विचारलं की पो-पो लगेच जा म्हणेल. आणि मग तीन दिवस त्या वाकड्या हातानं स्वतः बादल्या उचलेल. म्हणून विचारायचं नाही. तिच्या घरात कुणी कुणाला नाही म्हणत नसे, आणि म्हणूनच कुणी काही मागत नसे. मला हे अजब वाटलं. आमच्या घरात सगळे सगळं मागत आणि आई सगळ्याला नाही म्हणे.

पाणी मी घालीन, असं माझ्या तोंडून निघून गेलं.

मग लोरेननं घरी विचारलं, आणि पो-पोनं माझी परीक्षा घेतली. आधी माझे हात धुवायला लावले. मग पाण्यात बोट बुडवून पाणी किती कोमट ते दाखवलं. मग डबा माझ्या हाती देऊन ती शेजारी उभी राहिली. मी भसकन ओतलं, तिनं डबा काढून घेतला. मी हळू ओतलं, तिनं पुन्हा काढून घेतला. तिसऱ्यांदा तिनं माझा कोपर खालून धरला आणि पाणी गोल फिरवत सोडायला लावलं. पाणी मडक्यातून उतरून खालच्या पन्हळीत ठिबकेपर्यंत दोघी ऐकत उभ्या राहिलो. मग ती माझ्या छातीवर बोट टेकून काहीतरी म्हणाली.

लोरेननं सांगितलं, "ती म्हणते, तूच. दुसरं कुणी नाही."

मिस्टर लम कमी बोलणारे. त्यांनी लोरेनला जा म्हटलं, पण अट घातली. ईदच्या चार दिवसांत त्यांचं हॉटेल दुथडी भरून वाहायचं. चारही मडकी त्याच बेतानं लावलेली होती, ईदच्या आदल्या दिवशी काढायची. ते मूग बिघडले तर त्या घटकेला गाडी काढून झल्लाकला येईन आणि तुला घेऊन जाईन, परीक्षा असो नसो, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. आणि ते जे शांतपणे सांगत ते करत.

पहिल्या दिवशी सकाळी लोरेननं घड्याळ स्वतःच्या गळ्यातून काढून माझ्या गळ्यात घातलं. गेटपाशी ट्रक थांबला होता, त्यात चढली, आणि ट्रक हलल्यावर तिचा हात सवयीनं छातीशी गेला. तिथे काही नव्हतं. तिनं हात तसाच वर करून मला हलवून दाखवला.

तो दिवस मी चोख काढला. सहा, दहा, दोन, सहा. त्या खोलीत गेलं की आधी काही दिसायचं नाही. मग मुगाचा गोडसर ओला वास यायचा आणि कान दिला तर वाटायचं, आत कुणीतरी हळूच अंग ताणतंय.

दुसऱ्या दिवशी माझी तालीम होती. ईसा टाउनला आमच्या शाळेत स्नेहसंमेलनाचा नाच बसवत होते, कोळीनृत्य, आणि मी पहिल्या ओळीत होते. बस साडेनऊला येणार, परत सोडायला साडेतीन. मला हे आधीपासून माहीत होतं. लोरेनला मी सांगितलं नव्हतं, पो-पोलाही नाही. पहिल्या ओळीतली जागा सोडवत नव्हती एवढंच. मी घड्याळ काढून आईच्या गळ्यात मंगळसूत्रावर अडकवलं, दहाचं आणि दोनचं पाणी कसं घालायचं ते सांगितलं आणि बस पकडली. पो-पो दिवसा हॉटेलात जाऊन बसायची, तिला कळणार नव्हतं. काळोख मोडायचा नाही, हे सांगायचं मी विसरले. ते सांगायची गोष्ट आहे असं मला वाटलंच नाही.

आई दहा वाजता खाली गेली. पाणी घालायचं म्हणून तिनं धोंडा उतरवला, झाकण काढलं, फडकं बाजूला केलं आणि दिवा लावून आत पाहिलं. ती शेतकऱ्याची लेक. भाताचा तरवा, लावणीआधीची कोवळी रोपं, तिनं लहानपणापासून पाहिलेला, आणि तरवा पिवळा पडला म्हणजे काय ते तिला माहीत. पो-पोला ती आजीबाय म्हणे; आजीबायचे मूग तर पिवळे सोडाच, पांढरे फटक पडले होते. वर डोक्यावर धोंडा. तिला वाटलं, ऊन नाही, वारा नाही, कसे जगणार. परदेशी म्हातारी, तिला कोण सांगणार.

तिनं एकेक मडकं कडेवर घेऊन गच्चीवर चढवलं. चार मडकी, चार खेपा. मग आमच्या घरातल्या झाडून सगळ्या पराती, दोन सुपं आणि बाबांच्या नकाशांचा एक पत्र्याचा ट्रे काढून त्यात मूग हातानं सुटे करून पसरले. वर पाणी शिंपडलं. नोव्हेंबरचं बहरीनचं ऊन, ना तापट ना थंड. ती दिवसभर त्यांच्यापाशी बसून होती. शिंपडत होती, आणि त्यांना गाऊन दाखवत होती.

साडेतीनला मी जिना चढून वर गेले, तर गच्ची हिरवी झाली होती. प्रत्येक मोडाच्या टोकाला दोन दोन पानं फुटून उघडली होती, जणू हजार लहान तोंडं आ करून बसली होती. आई माझ्याकडे वळली. नाकावर घाम, गळ्यात घड्याळ.

"बघ गो, कसे टवटवीत झाले. अर्धे मेले व्हते."

मी तिला सांगितलं. फार नाही सांगावं लागलं. हॉटेल, ईद, पांढरे मोड, मिस्टर लमांची गाडी, उद्या सकाळची परीक्षा. आई परातीच्या काठावर हात टेकून खाली बसली. एक मोड उचलून तिनं तोंडात टाकला आणि चावला. कडू होता. मला ती रागावली नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

मग उठून पदर खोचत म्हणाली, "चल. आधी आजीबायला सांगायचं."

पो-पो त्याच वेळी हॉटेलातून येऊन जिना चढत होती. आईनं तिचा चांगला हात धरला आणि तिला सरळ गच्चीवर आणलं. परातींकडे बोट केलं आणि आपल्याच छातीवर थाप मारली.

"मूग खलास. मी."

मी मधे पडून, माझीच चूक, मी गेले होते, असं इंग्रजीत म्हणत होते, जे त्या दोघींपैकी कुणालाच कळत नव्हतं. पो-पो परातींमधून चालत गेली. एका जागी वाकली, एक मोड खुडला, चावला, थुंकला. खाली अंगणात हमीदाबाईंची ईदची बकरी ओरडत होती. गच्चीच्या दारात आणखी पावलं वाजली. मिस्टर लम आले होते, संध्याकाळसाठी एक मडकं आजच काढून न्यायला. रिकामी खोली पाहून वर आले होते.

त्यांनी पाहिलं. चेहरा हलला नाही, पण हात खिशात गेला आणि गाडीच्या किल्ल्या वाजल्या. मी पुढे झाले. सगळं सांगणार होते. पण माझ्या आधी पो-पो बोलली. चार-पाच शब्द, फार तर. मिस्टर लमांनी तिच्याकडे पाहिलं, काहीतरी विचारलं. तिनं तेच शब्द पुन्हा म्हटले, जरा मोठ्यानं, हनुवटी वर करून.

किल्ल्या वाजायच्या थांबल्या. त्यांनी सासूला वाकून काहीतरी म्हटलं आणि वळले. मी जिन्यात त्यांच्या मागे धावले आणि खरं काय झालं ते सगळं सांगून टाकलं. ते मधल्या पायरीवर थांबले.

"आमच्या सासूबाई म्हणतात, मूग त्यांनी स्वतः उन्हात ठेवले. ऊन दिल्यावर काय होतं ते त्यांना बघायचं होतं." ते कठड्याला धरून उभे होते. "चाळीस वर्षं मूग लावतायत त्या. आता सासूबाईंना खोटं कसं म्हणणार मी?"

आणि मग तो कमी बोलणारा माणूस तिथेच पायरीवर बसला आणि हसायला लागला. आवाज न करता, खांदे हलवत, डोळे पुसत. किल्ल्या त्यानं खिशात टाकल्या त्या परत निघाल्या नाहीत.

तोवर बकरी का ओरडत होती तेही कळलं. बहरीनमध्ये मोठ्या ईदच्या आदल्या संध्याकाळी मुलं समुद्रावर जातात. खजुरीच्या पातीच्या छोट्या परड्या असतात, त्यात माती घालून दहा-पंधरा दिवस आधी धान्य पेरतात, रोज पाणी घालतात, परडी गळ्यात बांधून मिरवतात. हिय्या-बिय्या म्हणतात त्या परडीला. ईदच्या आदल्या दिवशी तिला गाणं म्हणून निरोप द्यायचा आणि समुद्रात सोडायची. हमीदाबाईंच्या नातवंडांनी बारा परड्या अंगणात टांगल्या होत्या. त्या दुपारी बकरीनं दोर तोडला आणि बाराही परड्यांतला पाला देठासकट खाल्ला. मुलं दुपारपासून रडत होती. बकरीलाच समुद्रात सोडा, असं धाकटीचं म्हणणं होतं. आता एका दिवसात धान्य उगवायचं कुठून.

हमीदाबाई धापा टाकत गच्चीवर आल्या त्या बकरीची फिर्याद घेऊन. आणि उंबऱ्यातच थांबल्या. समोर आठ पराती, दोन सुपं आणि एक ट्रे भरून हिरवंगार. त्यांनी पो-पोकडे पाहिलं, आईकडे पाहिलं.

पो-पोनं हात पसरले. "यल्ला," ती म्हणाली.

संध्याकाळ होईस्तोवर बारा मुलं आणि त्यांच्या मागून गल्लीतली आणखी पंधरा-वीस गच्चीवर ओल्या मातीत मोड खोचत बसली होती. माझी आई मध्यभागी, तरवा लावायच्या सवयीनं, चार चार मोडांची जुडी अंगठ्यानं दाबत. इतक्या झपाट्यानं हिय्या-बिय्या त्या गल्लीत कधी लागला नसेल.

हॉटेलचा प्रश्न राहिलाच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं विळी उचलली आणि मला घेऊन बाजारामागच्या गल्लीत गेली. हॉटेलच्या स्वयंपाकघरात सगळी माणसं उभ्यानं काम करणारी. आईनं जमिनीवर गोणपाट पसरला, विळी मांडली, पाय रोवला आणि कोबीचं पोतं जवळ ओढलं. मोड नाहीत तर कोबी, मोडांइतका बारीक, असा तिचा हिशोब तिनं मिस्टर लमांना हातांनी दाखवला. आधी दोघे आचारी हसले. मग सुरी हातात तशीच ठेवून बघत राहिले. विळीखालून कोबी सुतासारखा उतरत होता. दुपारपर्यंत पोतं संपलं. मिस्टर लमांनी एक मूठ कढईत टाकून परतली, चाखली आणि आईला वाकून नमस्कार केला. आईनं न उठता पदर डोक्यावर घेतला.

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही सगळे समुद्रावर होतो. सूर्य पाण्यावर टेकायला आलेला, भरती चढत होती. गल्लीची सगळी मुलं गळ्यात हिरव्या परड्या घालून, नव्या कपड्यांत. पो-पोसाठी हमीदाबाईंनी चटई आणली होती. माझ्या गळ्यात घड्याळ परत आलं होतं, कारण पो-पोनं आदल्या संध्याकाळीच, मातीचे हात धुतल्या धुतल्या, नवे मूग भिजत घातले होते. मिस्टर लमांना ईदच्या तिसऱ्या दिवशी पांढरे मोड मिळणार होते.

झल्लाकचा ट्रक घराशी थांबला, कुणी नव्हतं म्हणून लोरेन तशीच इकडे धावत आली. नाक उन्हानं सोललेलं, खांद्यावर पिशवी, हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला कागद. तिनं तो उंच धरला होता. मग तिनं परड्या पाहिल्या. एका मुलाच्या गळ्यातली परडी हातात घेऊन तिनं त्यातला एक मोड निरखला. आपलं माणूस ओळखावं तसं तिनं ते ओळखलं.

मी तिला सगळं सांगितलं. माझ्या नाचाचं आधी, बाकीचं नंतर. ती माझ्यावर चिडेल असं मला वाटत होतं, आणि चिडलीही. पहिल्या ओळीसाठी, असं ती दोनदा म्हणाली. मग पो-पोनं काय केलं ते मी सांगितलं. ती चटईपाशी जाऊन गुडघ्यांवर बसली आणि आजीशी खालच्या आवाजात बोलली. आजीनं तिच्या सोललेल्या नाकाला बोट लावून पाहिलं आणि थोडकंच उत्तर दिलं.

काय म्हणाली, मी नंतर विचारलं.

"मी म्हटलं, मी जायला नको होतं," लोरेन म्हणाली. "ती म्हणाली, मूग काय, दर पाच दिवसांनी येतात."

मुलांनी गाणं धरलं. अर्थ मला पुरा लागत नव्हता, पण निरोपाचं गाणं कुठल्याही भाषेत कळतंच. परड्या एकेक करून पाण्यात गेल्या. काही लगेच बुडाल्या, काही हिरव्या होड्यांसारख्या डोलत राहिल्या, आणि धाकटीची लाटेनं तीनदा परत आणून दिली. तेवढ्यात माझ्या छातीवर घड्याळ ओरडलं. सहा.

लोरेन उठली. उठली म्हणजे काय, ताडकन उभीच राहिली, एका पायात चप्पल. मीही उभी राहिले. आणि आमच्या मधून पो-पो उठली. तिनं माझ्या गळ्यातून नाडी काढली, घड्याळाचं तोंड बंद केलं आणि ते माझ्या आईच्या गळ्यात घातलं. मग आपल्या वाकड्या मनगटाकडे बोट केलं, आईच्या दंडाकडे बोट केलं, आणि न्हाणीच्या खोलीच्या दिशेनं. बादली तू, हुकूम मी, असं काहीसं. आईनं हसून मान हलवली. मग पो-पोनं तर्जनी उगारून तिला बजावलं, डोळ्यांवर हात ठेवून. काळोख.

"ऊन मफी," आईनं शपथ घेतल्यासारखं म्हटलं.

लोरेन तरी दोन पावलं पुढे गेलीच. पो-पोनं तिचा दंड धरला आणि तिला समुद्राकडे फिरवलं. "यल्ला."

पो-पो आणि आई वाळूतून चालत निघाल्या. एक पाठीत वाकलेली, एक ठेंगणी. मधेच आईचा आवाज वाऱ्यावर आला, नवी ओवी जुळत होती:

दर्याला गं दिली, हिरवीगार परडी,
परतून येईल लेक, घाई कशाला एवढी.

लोरेन घोट्याएवढ्या पाण्यात उभी होती. कुणालाच ऐकू न येणारा हिशोब चालला होता तिचा: आता त्या वळणापाशी असतील, आता जिना, आता पहिलं मडकं. हात दोनदा छातीशी गेला. तिसऱ्यांदा तिनं तो खाली घेतला, माझं मनगट पकडलं आणि मला पाण्यात ओढलं. मला पोहता येत नव्हतं. तिच्याकडे बुडणाऱ्याला वाचवायचं सर्टिफिकेट होतं, असं ती म्हणाली, आणि सुरुवात करायला मीच बरी होते, कारण तिचं माझ्याकडे एक येणं निघत होतं, पहिल्या ओळीचं.

दुसऱ्या दिवशी ईद. सकाळी सहाला मला खालून पाण्याचा आवाज आला, गोल फिरवत सोडलेल्या पाण्याचा. मी डोळे चोळत उतरले. घड्याळ आमच्याच खुंटीवर होतं, गजर लावायला आई विसरली होती. काळोख्या खोलीत लोरेन डबा घेऊन उभी होती.

तुला कुणी उठवलं, मी विचारलं.

"कुणी नाही," ती म्हणाली. "जाग आली." तिनं चौथ्या मडक्यावर फडकं सारखं केलं, धोंडा ठेवला आणि पाणी ठिबकायचं थांबेपर्यंत ऐकत राहिली. मग पोहायचा टॉवेल खांद्यावर टाकला. दहाचं पाणी तुझ्या आईला सांग, असं मला म्हणाली आणि जिना उतरून गेली. टिकटिक नसल्यामुळे ती गेलेली कळली नाही, फक्त खाली बकरीच्या रिकाम्या खुंट्यापाशी गेट वाजलं.